डाव्या बाजूचं जेवण

दुबईत येणाऱ्या टूर-ग्रुपची सोय बघणाऱ्या आमच्या फर्मची सुरुवात २०१२ ची. पण धंदा कशाला म्हणतात ते कळलं २०१३ च्या जानेवारीत, एका रात्रीत.

पुण्याहून एका छोट्या टूरवाल्यांचा ग्रुप आला होता. ४२ माणसं, बरेचसे निवृत्त शिक्षक आणि बँकवाले. दुबईतलं त्यांचं शेवटचं जेवण आम्ही ठरवून दिलं होतं. जुमेराच्या किनाऱ्यावर एक हॉटेल, त्यातलं लेबनीज रेस्टॉरंट, वाळूला लागून टेबलं. तोवर आमचं काम म्हणजे ग्रुपला विमानतळावरून आणणं, खाडीवर एक दिरहमच्या अब्रात, म्हणजे होडीत, बसवणं आणि रात्री बुर दुबईत पंजाबी थाळी. समुद्राकाठी बसून खायचं, हे काहीतरी वेगळं देऊ म्हणून मीच हौसेने सुचवलं होतं.

वाट्या आल्या. वाटलेल्या छोल्यांचं हुमुस, वांग्याचं मुतब्बल, पार्सलीची कोशिंबीर तब्बूले, वर तळलेल्या रोटीचे तुकडे टाकलेलं फत्तूश, गुलाबी सलगमाचं लोणचं, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या. गरम फुगलेल्या रोट्या टोपलीत. मंडळींनी प्रत्येकातलं चमचाभर चाखलं, "अगं, हे तर वांग्याचं भरीत" असं एकमेकींना सांगितलं आणि सगळे हात आवरून बसले. वीस मिनिटांनी एका काकांनी मला खुणेने बोलावलं. "ताई, डावी बाजू वाढून झाली. उजवी कधी येणार?"

खरंच होतं त्यांचं. चटणी, कोशिंबीर, भरीत, लोणचं, लिंबू. आपल्या ताटात याने कोणी पोट भरत नाही. लेबनीज माणूस मात्र याच्यावरच दोन तास बसतो, भाजलेलं मांस नंतर आलं तर आलं. वेटरला वाटलं, पाहुण्यांना आवडलं नाही. त्याने अर्ध्याहून जास्त भरलेल्या वाट्या उचलून नेल्या. मग शिश तावूक म्हणजे भाजलेली कोंबडी आणि खिम्याच्या कोफ्त्याची ताटं आली, तीही जेमतेम निम्म्या लोकांच्या कामाची. उरलेल्या शाकाहाऱ्यांना भाजलेली भोपळी मिरची आणि भात. त्या रात्री हॉटेलच्या खोल्यांत चिवड्याची पाकिटं फुटली, हे मला दुसऱ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरने सांगितलं.

बिलाचा धक्का वेगळाच. माणशी १२० दिरहम ठरले होते, म्हणजे ५,०४० असा माझा हिशोब. कागदावर आकड्यापुढे अधिकची दोन चिन्हं (++) होती, ती मला छपाईतली चूक वाटली. ती होती सेवा शुल्काची आणि पालिकेच्या फीची, तेव्हा दोन्ही दहा-दहा टक्के. वरचे १,००८ दिरहम आमच्या खिशातून गेले. हिशोब माझ्या यजमानांकडे असतो. ते काही बोलले नाहीत, फक्त ती दोन चिन्हं लाल पेनाने गोल करून कागद फ्रिजवर लावला. पुढे २०१८ त पालिकेची फी सातवर आली आणि त्याच वर्षी पाच टक्के व्हॅट लागला. कागद अजून फ्रिजवर आहे.

मी पुन्हा त्याच रेस्टॉरंटमध्ये गेले, एकटी, दुपारी. तिथले मॅनेजर बैरुतचे, लेबनॉनमधलं यादवी युद्ध चालू असताना घर सोडून आलेले. त्यांना मी कागदावर आपलं ताट काढून दाखवलं. मीठ इथे, डावीकडे हे, उजवीकडे भाजी-आमटी. ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, मग तुमच्या लोकांना आधी सांगायला हवं की आज उजवी बाजू नाही.

तेव्हापासून बसमध्ये शेवटची दहा मिनिटं माझी. "आज जेवण डाव्या बाजूचंच आहे. पोट तिथेच भरायचं, रोटीचा तुकडा मोडून त्याच्यात घ्यायचं, मागून काही येईल म्हणून थांबायचं नाही." आमच्या धंद्यात विकण्यासारखं काही असेल तर ही दहा मिनिटं. टेबल काय, कोणीही बुक करून देतं.

उष्ट्याचा प्रश्न मात्र बोलून सुटला नाही. एका वाटीत चौघांनी रोटी बुडवायची, हे आमच्या आज्या-मावश्यांना कसं चालणार? कोणी तोंडावर बोलत नाही. वाटी फक्त टेबलावर फिरत नाही, जिच्यासमोर ठेवली तिच्यापुढेच राहते. आता आम्ही ऑर्डरमध्येच लिहून देतो: चार माणसांत एक सेट, प्रत्येक वाटीत वाढायचा चमचा, प्रत्येकाला छोटी बशी. लांबलचक टेबल नको, आठ-आठची हवीत. पहिल्या वर्षी वेटर हसायचे. आता चमचे आधीच वाट्यांत खोचलेले असतात.

शाकाहाराचं मी एक सूत्र केलं होतं, थंड ते आपलं, गरम ते त्यांचं. द्राक्षाच्या पानांना ते बरोबर लागू पडतं. थंड गुंडाळीत तांदूळ, टोमॅटो, पार्सली, लिंबू आणि तेल असतं, गरम गुंडाळीत बहुधा खिमा. बाकी ठिकाणी सूत्र फसतं. पालकाचे फतायर, म्हणजे भाजलेल्या करंज्या, आणि चीजचे रोल गरम असून चालतात, आणि कच्च्या मांसाचा किब्बे थंडच असतो. एका दुसऱ्या हॉटेलात गरम गुंडाळी चुकून शाकाहारी टेबलावर गेली. कोल्हापूरच्या एका मावशींनी अर्धी खाल्ली होती. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत, नुसत्या उठून समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे पैसे परत केले, पण पैशांचा विषय नव्हताच. त्या हॉटेलात आम्ही परत गेलो नाही. आणि तेव्हापासून शाकाहारी टेबलावर गरम वाटी येण्याआधी मी स्वतः एक गुंडाळी मोडून बघते. मसुराच्या सूपचंही तसंच, कोंबडीच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारल्याशिवाय मी ते यादीत घेत नाही. जैन पाहुणे असले तर दोन दिवस आधी कळवावं लागतं, कारण हुमुसमध्ये लसूण सकाळीच पडलेला असतो.

२०२० बद्दल फार लिहीत नाही. मार्चमध्ये विमानं थांबली, सात ग्रुप रद्द झाले. ऑगस्टच्या चार तारखेला बैरुत बंदरातला स्फोट टीव्हीवर बघितला आणि मॅनेजरांना फोन लावला. बहिणीच्या घराच्या सगळ्या काचा गेल्या होत्या, माणसं बरी होती. आमच्या अडकलेल्या ॲडव्हान्सबद्दल मी बोलणार नव्हते. त्यांनीच विषय काढला आणि पुढच्या मोसमात तो पै न पै जेवणात वळता करून दिला.

आता ते मला मॅडम म्हणत नाहीत. अरबी रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाच्या नावाआधी 'उम्म' लावून हाक मारतात, अमक्याची आई.

गेल्या डिसेंबरात ३८ जणांचा ग्रुप होता, साताऱ्याचा. बसमध्ये बसल्यावर कळलं, आज संकष्टी, पाच जणींचा उपास, चंद्र दिसल्याशिवाय जेवणार नाहीत. मी फोन केला. मॅनेजरांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?" म्हटलं, पावणेनऊच्या सुमाराला. त्या टेबलाच्या वाट्या त्यांनी थांबवल्या, बाकीच्यांचं सुरू केलं.

साडेआठपासून पाची जणी खुर्च्या वळवून समुद्राकडे बघत बसल्या. एवढं मोकळं आभाळ साताऱ्यात कुठे, असं चाललं होतं. नऊ वाजले तरी चंद्र नाही. शेवटी पाण्याचा जग घेऊन आलेल्या इजिप्शियन वेटरने हळूच मला सांगितलं की इथे समुद्र पश्चिमेला आहे.

मग आम्ही सगळ्या त्याच्यामागून स्वयंपाकघराच्या बाजूने मागे पार्किंगमध्ये गेलो. आमच्या बसच्या टपावर चंद्र हातभर वर आला होता. ड्रायव्हर धडपडत खाली उतरला, काही बिघडलं की काय म्हणून. पाच जणींनी पदर सावरून हात जोडले, आणि वेटर खजुराची बशी धरून शेजारी उभा राहिला.