मशीन तेच, केस नवी

आषाढातल्या एका दुपारी, बाहेर खिडकीच्या पत्र्यावर पाऊस एकसारखा वाजत असताना, मी मसाल्याचा डबा रिकामा करून त्याच्या सात वाट्यांत स्क्रू भरत बसले होते. मोहरीच्या वाटीत ड्रोनच्या वरच्या आवरणाचे मागचे दोन, जिऱ्याच्या वाटीत पुढचे दोन, हळदीच्या वाटीत पोटाखालचे चार, अशी मांडणी करून प्रत्येक वाटीत कागदाची चिठ्ठीही टाकली होती. हे सगळे स्क्रू दिसायला सारखेच, बाजरीच्या दाण्याएवढे. परंतु त्यांच्या लांबीत थोडा फरक असतो आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर त्याचे टोक पलीकडे निघून सर्किट बोर्डात घुसते. हे ज्ञान मला कसे झाले ते विचारू नये. घरात एक रेडिओ कमी झाला आहे.

ड्रोन माझ्या भाच्याचा. नोकरीसाठी परदेशी जाताना त्याने तो माझ्याकडे ठेवायला दिला आणि मी तो हळूहळू आपला मानला. पार्ल्यात तो उडवण्याचा प्रश्नच नाही. आमच्या गच्चीवरून विमानांची पोटे इतकी जवळ दिसतात की चाके बाहेर आली की नाहीत हे आम्ही सांगू शकतो. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाईचे आदेश वेळोवेळी निघतच असतात. त्यामुळे हे यंत्र राहते पार्ल्यात आणि उडते आंजर्ल्यात, वर्षातून दोनदा, आमच्या वाडीवर. गेल्या मे महिन्यात तिथेच ते माडाच्या झावळीला अडकले, तिथून सुटले आणि जांभ्या दगडाच्या गडग्यावर पाठीवर पडले. मोटारी शाबूत राहिल्या, कॅमेरा शाबूत राहिला, परंतु वरच्या करड्या आवरणाला शेपटीकडे तडा गेला आणि तड्याच्या बाजूने एक लांब ओरखडा उमटला, ज्यात जांभ्याची तांबडी भुकटी अशी घट्ट बसली की दात घासायच्या ब्रशनेही ती निघाली नाही. नुकतीच कोणीतरी कुंकवाची रेघ ओढावी, तशी ती दिसत होती.

आवरण बदलायचेच आहे तर रंगही बदलावा, असे माझ्या मनात आले. करडा ड्रोन ढगाळ आकाशात दिसेनासा होतो आणि सुपारीच्या पानांत पडला तर सापडत नाही. शेंदरी रंगाचे मात्र तसे नाही. कोणी शिळेला शेंदूर फासला तर ती दुरूनही ओळखू येते, हे आपल्याकडे नव्याने सांगायला नको. लॅमिंग्टन रोडला तीन दुकाने पालथी घातली, तेव्हा चौथ्या दुकानात हवे तसे शेंदरी आवरण मिळाले. दुकानदाराने एक मौजेची गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन पडताळून पाहिली आणि ती खरी निघाली. पूर्ण जोडलेले ड्रोन, किंवा जोडणीसाठी सुटे करून आणलेले ड्रोनसुद्धा, परदेशातून आणण्यावर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे; संशोधन, संरक्षण अशा मोजक्या कामांना तेवढी सूट. सुट्या भागांना मात्र मोकळीक आहे. म्हणजे शरीर येऊ शकते, जीव येऊ शकत नाही. याच दुकानदाराने मला चंदेरी रंगापासूनही परावृत्त केले. "मॅडम, मेटॅलिक पेंट मारू नका, जीपीएसला सॅटेलाइट दिसणार नाहीत," असे तो म्हणाला. धातूची भुकटी असलेला रंग रेडिओलहरींना अडवतो, कार्बन फायबरही अडवते. साध्या प्लास्टिकमधून त्या निर्धास्त आरपार जातात. इतका साधा नियम मला पन्नाशी ओलांडल्यावर कळावा, याचे थोडे वाईट वाटले.

स्क्रू काढल्यावर आवरण सहज निघते असे मुळीच नाही. कडेने आत बारीक खाचा असतात आणि त्यांत आकडे अडकलेले असतात. वाचनालयाचे जुने प्लास्टिकचे कार्ड मी फटीत सरकवले आणि एकेक आकडा 'कट्' असा आवाज करून सुटू लागला, तेव्हा प्रत्येक आवाजाला वाटले की हा मोडला. मोडला नव्हता. पाठ उघडली आणि आत जे दिसले ते अगदीच साधे होते: जीपीएसचा चौकोनी तुकडा, बोटाच्या पेराएवढा पंखा, कॅमेऱ्याकडे जाणारी कागदासारखी चपटी फीत, आणि प्रत्येक मोटारीतून येऊन बोर्डावर डाख लावलेल्या तीन-तीन तारा. त्या तारांना मी हात लावला नाही. तिन्हींपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरू लागते आणि यंत्र उडण्याऐवजी जमिनीवरच कोलांटी घेते. म्हणून हात-पाय जुनेच राहू दिले, पाठ आणि पोट तेवढे बदलायचे ठरवले.

हे इथेच सांगून टाकते की आवरणांशी माझे जुने वैर आहे. आमच्या पिढीने घरातल्या वस्तूंचे मूळ अंग कधी नीट पाहिलेच नाही. टीव्हीला झालरीचे कव्हर, मिक्सरला टोपडे, शिवणयंत्राला पेटी, फ्रीजच्या मुठीला लोकरीचा मोजा आणि रिमोटला दुधाच्या पिशवीसारखे प्लास्टिक, ज्यावरून बटणांचे आकडे अंदाजाने दाबावे लागत. वस्तू जुनी होऊन भंगारात जाई तेव्हा कव्हर काढले जाई आणि आतून ती कोरी करकरीत निघे. म्हणजे आयुष्यभर आपण जिच्याशी व्यवहार केला ती कव्हरच होती. लग्न झाल्यावर मी पहिल्या आठवड्यात रिमोटचे प्लास्टिक फाडले होते, त्याची आठवण सासूबाई शेवटपर्यंत काढत.

परंतु कव्हर वेगळे आणि केस वेगळी, हे मला अण्णांच्या घड्याळामुळे कळले होते.

अण्णा परळच्या एका गिरणीत हिशेबाच्या खात्यात होते आणि आम्ही गिरगावात चाळीत राहत असू. त्यांच्या मनगटावर एचएमटीचे 'जनता' होते, रोज चावी द्यावी लागणारे. मुंबईच्या घामाने त्याच्या केसचा मुलामा उडून कडेला पिवळे पितळ दिसू लागले होते आणि डाव्या अंगाला, लोकलच्या दांड्यावर आपटून, एक खोच पडली होती. काही विचार करायचा असला की अण्णा त्या खोचेवरून अंगठ्याचे नख फिरवीत. 1981 च्या दिवाळीत आईने हट्ट धरला, म्हणून ते मला घेऊन ठाकुरद्वारच्या नाक्याजवळ एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजीकडे गेले. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले, चावीची दांडी हलकेच ओढून काढली आणि चिमट्याने सबंध मशीन बाहेर काढून काचेच्या बशीत ठेवले. मी वाकून पाहिले, तर ते चालूच होते. केस नाही, काच नाही, पट्टा नाही, आणि तरी त्यातले ते बारीक चाक मागे-पुढे, मागे-पुढे, आपल्या नादात झुलत होते. माझा श्वास लागला म्हणून घड्याळजी माझ्यावर ओरडला. मग त्याने ते मशीन नव्या चकचकीत केसमध्ये बसवले, जुनी केस कागदाच्या पुडीत बांधून अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाला, "मशीन तेच आहे, काळजी करू नका." घरी येताना ट्राममार्गाचे बुजलेले रूळ ओलांडावेत तशी अण्णांची बोटे त्या गुळगुळीत कडेवर काहीतरी शोधत होती.

ड्रोनचे शेंदरी आवरण बसवायला मला दोन तास लागले. एकही स्क्रू उरला नाही, त्यामुळे उलट संशय आला. आता होकायंत्र पुन्हा जुळवून घेणे आले. पाऊस उघडल्यावर गच्चीवर गेले. त्यासाठी ड्रोन आडवा धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि मग उभा धरून दुसरी. पूजेला जागा अपुरी असली की आपण जागच्या जागी प्रदक्षिणा घालतो, तशा मी दोन घातल्या आणि फोनने सांगितले की जवळपास लोखंड आहे, दुसरीकडे जा. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया, टाकीला सळया, कठड्यात सळया. मुंबईत लोखंड नसलेली जागा कुठून आणायची? शेवटी सोसायटीच्या आवारात, तुळशीवृंदावनापाशी, वॉचमनच्या देखत मी फिरले तेव्हा त्या होकायंत्राची उत्तर दिशा सापडली. वॉचमनने हात जोडले की हसू लपवले, ते कळले नाही.

आणि मग वजनाचा विचार मनात आला. कंपनीने या ड्रोनचे वजन 249 ग्रॅम ठेवले आहे ते हौसेने नव्हे. भारताच्या 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गणला जातो आणि त्याच्या वरचा, दोन किलोंपर्यंतचा, मायक्रो. नॅनोला प्रकार-प्रमाणपत्राची, म्हणजे ते मॉडेल तपासून मान्य केल्याच्या सरकारी दाखल्याची, अट नाही. वर्ग बदलला की ही सवलत सुटते. बॅटरीच साऱ्या वजनाचा तिसरा हिस्सा खाते, म्हणजे उरलेल्या सगळ्यात किती काटकसर केली असेल ते पाहा. आवरणाच्या भिंती इतक्या पातळ का, त्याच्या आतल्या अंगाला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रेघा का, हे मला त्या दुपारी उघडून पाहताना कळले नव्हते, आता कळले. माझे शेंदरी आवरण बाहेरून हुबेहूब, परंतु आतून सपाट आणि जाड होते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझा विश्वास नाही. तो पिठालाच फसवतो. म्हणून मी ड्रोन पिशवीत घालून बाजारातल्या आमच्या सराफांकडे गेले. मंगळसूत्र, पाटल्या, मुलांच्या बारशाचे वाळे, सगळे तिथेच झालेले, त्यामुळे त्यांनी काही न विचारता काचपेटीचे दार सरकवले, हात घडी घातलेला तो ड्रोन तबकडीवर ठेवला आणि चष्मा वर केला. 253.1. दुकानात बसलेल्या दोन बायका गळ्यातले विसरून पाहू लागल्या.

"जुन्या हिशेबाने जवळजवळ पावणेबावीस तोळे," सराफ म्हणाले, "घट किती धरायची, वहिनी?"

मी पर्समधून जुने आवरणही काढले. तो तडकलेला, तांबड्या रेघेचा करडा तुकडा आणि त्याचे पोट एकत्र तोलले, मग त्याला शेंदरीच्या वजनातून वजा केले, तर फरक सुमारे चार ग्रॅमचाच निघाला. साधारण एका साध्या अंगठीचा. तेवढ्याने यंत्राची जात बदलली होती.

परत येताना रिक्षात मला पुढचे आठवले, जे मी बरीच वर्षे आठवले नव्हते. अण्णांनी ती नवी केस वर्षभरही वापरली नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगा बंद पडला, तरी अण्णा सकाळी साडेसहाला घड्याळाला चावी देत आणि अंघोळ करून, शर्ट घालून खुर्चीत बसत. उन्हाळ्यात वाण्याने वही बंद केली. तेव्हा एके दिवशी, आईला न सांगता, त्यांनी कपाटातली कागदाची पुडी काढली आणि मला बरोबर घेऊन त्याच जिन्याखाली गेले. घड्याळजीला वाटले की मशीन बिघडले. अण्णांनी जुनी केस त्याच्या पुढे ठेवली आणि ही परत बसवा म्हणाले. घड्याळजीने नवीत काय खोट आहे, असे विचारले. माप तेच होते, घडण तीच होती. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाताला जड लागते."

घड्याळजीने पुढे काही विचारले नाही आणि पैसेही घेतले नाहीत. नवी केस किती रुपयांना परत घेतली, ते मला ऐकू येऊ नये म्हणून दोघे हळू बोलले.

त्या रात्री मी मसाल्याचा डबा पुन्हा रिकामा केला. मोहरीच्या वाटीत मागचे दोन, जिऱ्याच्या वाटीत पुढचे दोन. तडा आतून एका पातळ चिकटपट्टीने सांधला. पट्टीचे वजन काट्यावर आलेच नाही. हळदीच्या वाटीतल्या चार स्क्रूंना अजून पिवळी झाक आहे आणि ड्रोन सुरू केला की पहिले काही क्षण हिंगाचा वास येतो, असे नवरा म्हणतो. मला येत नाही. शेंदरी आवरणाची पाठ फ्रीजवर पडून होती. परवा पाहिले तर तिच्यात कोणीतरी रबरबँड आणि विजेचे बिल ठेवले होते.