चावी हातात, इंजिन चालू

मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे रुग्णवाहिकांच्या वायरिंगचं काम माझ्याकडे वर्षभर असतं. त्यातलीच एक, एका ट्रस्टची जुनी डिझेल जीप, दुपारी गॅरेजच्या दारात येऊन थांबली. ड्रायव्हरमामांनी चावी काढून माझ्या हातात दिली. इंजिन चालूच!

"आता बघा," म्हणाले, आणि चौथा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला. गाडीला हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. "अधनंमधनं असं करतंय. चावीचा स्विच बदलला, पंपावरची सोलेनॉइड बदलली. चार दिवस बरं चालतं, परत तेच."

या गाडीच्या रोटरी पंपावर, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर, डिझेल सोडणारी सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारी झडप असते. तिला करंट मिळतोय तोवर डिझेल जातं. करंट तुटला की इंजिन बंद. म्हणजे चावी काढल्यावरही इग्निशनच्या वायरीत कुठून तरी करंट शिरत होता. असा अधूनमधून येणारा दोष मीटरने शोधण्याआधी माणसाला विचारावा, असं माझं मत आहे. मी विचारलं, आता गाडीत काय काय चालू होतं? मामा म्हणाले, "मागचा पंखा. सिस्टर मागनं लावतात, मीबी पुढनं लावून ठेवतो. त्यांचे हात पेशंटला लागलेले असतात."

गाडीतला दिवा, पंखा आणि सक्शन पंप, तिन्हींना पुढून आणि मागून असे दोन-दोन स्विच होते. पंख्याचे दोन्ही स्विच चालू ठेवून इंजिन सुरू केलं, चावी काढली. इंजिन चालू राहिलं. इग्निशनच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला. मग मागच्या पॅनेलचा फ्यूज उपटला आणि त्याच क्षणी इंजिन बंद झालं. पंख्याच्या फ्यूजने इंजिन बंद होताना बघून मामा खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

प्रत्येक जोडीचे स्विच एका रिलेला जोडलेले होते. रिले म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की मोठा करंट पुढे सोडणारा स्विच. त्याच्या पायांवरचे आकडे जर्मन डीआयएन ७२५५२ मानकातले आहेत : ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीचा करंट, ८७ वरून तो पुढे लोडला जातो. आधी ज्यांनी काम केलं होतं त्यांनी दोन्ही स्विचच्या वायरी थेट ८६ वर एकत्र जोडल्या होत्या. पुढच्या स्विचला करंट चावीतून, मागच्याला थेट बॅटरीतून. एकच स्विच चालू असेल तर सगळं ठीक. दोन्ही चालू असतील तर चावी काढल्यावर बॅटरीचा करंट मागच्या स्विचमधून ८६ वर, तिथून पुढच्या स्विचमधून उलटा इग्निशनच्या वायरीत आणि थेट सोलेनॉइडला. सोलेनॉइडचा बिचारीचा काहीच दोष नव्हता.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक स्विचच्या वायरीत ८६ च्या आधी एक-एक डायोड, वन एन ४००७, पट्टीची बाजू रिलेकडे. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. कॉइलला लागतो साधारण दीडशे मिलीअँपिअर आणि हा डायोड एक अँपिअर पेलतो. डायोडवर पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो, त्याने रिले ओढायला अडत नाही. शिवाय प्रत्येक कॉइलवर आणखी एक डायोड आडवा लावला, कारण रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते आणि तो स्विचच्या जिभा जाळतो. पुढे कधी मागे टच पॅनेल बसवलं, तर त्यातले ट्रान्झिस्टरही वाचतील.

काम सोपं होतं, वाद नंतर झाला. मामांना जिन्यातल्या दिव्यासारखं हवं होतं : कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. दिव्यासाठी मी तसंच करून दिलं. पाच पायांचे दोन रिले घेतले. पाचवा पाय ८७ए, कॉइलला करंट नसताना ३० त्याला जोडलेला असतो. पहिल्याचा ८७ दुसऱ्याच्या ८७ए ला आणि पहिल्याचा ८७ए दुसऱ्याच्या ८७ ला जोडला. सरळ जोडले असते तर दोन्ही स्विच बंद असताना दिवा पेटलेला राहिला असता. आणि दिव्याच्या पुढच्या स्विचला चावीचा करंट काढून बॅटरीचा दिला, नाहीतर पुढचा स्विच चालू असताना चावी काढली की दिवा उलटा होतो. पेटलेला विझतो, विझलेला पेटतो.

सक्शन पंपाला मात्र मी तसं करायला नकार दिला. पेशंटच्या घशातला स्राव सिस्टर ओढून काढत असताना पुढे कुणाचा हात चुकून स्विचला लागला, तर पंप बंद पडता कामा नये. डायोडच्या जोडणीत दोघांपैकी कुणीही पंप चालू करू शकतो, पण दुसऱ्याने चालू केलेला बंद करू शकत नाही. मामा म्हणाले, "मग मी पुढनं लावलेला सिस्टरना मागनं बंद करता येणार नाही."

"नाही येणार," मी म्हणालो. "तुम्हाला हाक मारतील."

मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग पंपाचं पुढचं बटण मी हात लावीन तिथं नको. लांब सरकवा." ते डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला नेऊन बसवलं.