शिशाची कांडी

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, ‘शाळेविषयी चार शब्द लिहा’ म्हणून. मैदान, प्रार्थना, घंटेचा रूळ यांवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मी विज्ञानाच्या सरांविषयी लिहितो, आणि तेही त्यांच्या एकाच तासाविषयी.

आठवीचा ‘उष्णतेचे संक्रमण’ हा धडा. टेबलावर पत्र्याचा डबा. त्याच्या एका बाजूला चार भोकं, प्रत्येकात बूच, आणि बुचांतून आरपार गेलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या चार कांड्या: तांबं, पितळ, पोलाद आणि सरांनी स्वतः ओतलेलं शिसं. चारही कांड्यांना एकच काळा रंग, कारण चकचकीत तांबं प्रारणाने उष्णता कमी सोडतं आणि गंजलेलं लोखंड जास्त. तसंच ठेवलं तर तुलना मुळातच खोटी. रंगावर मेणाचा पातळ हात. डब्यात उकळतं पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, आणि ज्योतीची धग कांड्यांना थेट लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. पंखा बंद.

मिनिटभरात शिशावरचं मेण पोलादाच्या सेंटिमीटरभर पुढे वितळलं. पुस्तकातल्या तक्त्यात तर वाहकता पोलादाची ५०, शिशाची ३५! वर्ग ओरडला, “सर, पुस्तक चुकलं!” सर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली. दहा-बारा मिनिटांनी पोलादाने शिशाला गाठलं आणि मागे टाकलं. तास संपता संपता मेणाच्या कडा थांबल्या तेव्हा सरांनी पट्टी लावली: शिसं ६.७ सेंटिमीटर, पोलाद ८, पितळ बारा, तांबं बावीसच्या पुढे.

मग खुलासा. उष्णता पुढे सरकताना वाटेतला धातू तापवत जाते. एक घनसेंटिमीटर पोलाद एक अंशाने तापवायला साधारण ३.६ ज्यूल लागतात, शिशाला जेमतेम दीड. म्हणून सुरुवातीची शर्यत शिसं मारतं. कांडी तापून झाली की जेवढी उष्णता आत येते तेवढीच पृष्ठभागावरून हवेत जाते. तिथून पुढे कौल वाहकतेचा. पोलाद आणि शिशाच्या लांबींचे वर्ग करा: ६४ आणि ४५. त्यांचं गुणोत्तर तेच, जे ५० आणि ३५ चं. अर्ध्यात उठून गेलेल्याला या प्रयोगातून उलटंच उत्तर मिळतं.

द्रवाची पाळी आली तेव्हा परीक्षानळीच्या तळाशी बर्फाचा खडा, तो वर येऊ नये म्हणून त्यावर तारेचं वेटोळं. नळी तिरकी धरून ज्योत वरच्या टोकाला. वर पाणी खळखळतंय आणि खाली बर्फ तसाच. पाण्याची वाहकता जेमतेम ०.६, तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं, अभिसरण सुरूच होत नाही. तीच ज्योत तळाशी नेली की बर्फ बघता बघता गेला. हवा पाण्याहून पंचवीसेक पट वाईट वाहक, पण तिला हलायला जागा मिळाली की उष्णता पळवते. गोधडी तिला धाग्यांत अडकवून ठेवते, एवढंच गोधडीचं काम. (गोधडी ‘गरम असते’ असं उत्तर लिहिणाऱ्याला सर शून्य देत. मला ते तेव्हाही जाचक वाटायचं, आजही वाटतं.)

आज माझं काम दूध तापवण्याच्या यंत्रांचं आहे. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद. नवे इंजिनिअर विचारतात, स्टेनलेस स्टीलची वाहकता १६ च्या आसपास, तांब्याची ४००, मग ज्या प्लेटमधून उष्णता दुधात जाते ती स्टीलची का? कारण प्लेट असते अर्ध्या मिलिमीटरची. तिचा अडथळा नगण्य. खरा अडथळा प्लेटला चिकटून जवळजवळ थांबलेल्या दुधाच्या थराचा. तो ढवळला जावा म्हणूनच प्लेटवर नागमोडी पन्हळी. साफसफाईत कुचराई झाली आणि प्लेटवर दुधाची खर बसली की तेवढ्याच जाडीच्या स्टीलपेक्षा कितीतरी पट अडथळा येतो, दूध ७२ ला पोचत नाही, आणि ऑपरेटर वाफ वाढवत बसतो. त्याने खर आणखी करपते. उपाय वाफेचा नाही, धुण्याचा: आधी कॉस्टिक सोडा, मग आम्ल.

आता प्रयोगशाळेत पडदा आहे म्हणे. त्यावर हा प्रयोग दोन मिनिटांत संपतो आणि कधी चुकत नाही. तिथे शिशाची कांडी नसणार.

महोत्सवाच्या प्रदर्शनात तो डबा मांडणार असाल तर एवढंच करा: बुचं नवी घाला, कांड्या घासून चारींना पुन्हा एकच काळा रंग द्या, शिसं हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावा. आणि सभागृहातला पंखा बंद ठेवा, अर्धा तास तरी.