गेरूची पट्टी

९ फेब्रुवारी, रात्री

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "पोरी, बोअर घेतलं गं. दोनशे वीस फुटांपर्यंत गेलो. पाणी न्हाई लागलं." आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. आधी लाल भुकटी उडाली, मग काळी, शेवटपर्यंत काळीच, असं ते सांगत होते. मी विचारलं, "तात्या, जागा कुठली?" तर म्हणाले, "तूच दाखवली होतीस की. लिंबाच्या पल्याड, तुझी खुंटी होती तिथं."

डिसेंबरमध्ये एम.एस्सी.च्या डेझर्टेशनसाठी पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या खोऱ्यात बावीस ठिकाणी रेझिस्टिव्हिटी साउंडिंग घेतलं, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेतला. तात्यांच्या रानातलं सातव्या नंबरचं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा त्यांनी स्क्रीनवरचा आलेख बघितला आणि विचारलं, "कसं काय दिसतंय?" मी म्हणाले, "इथे बरं दिसतंय." तीनच शब्द. ते मी कुठे लिहून दिले नव्हते, सही केली नव्हती. पण तात्यांनी ते ऐकून घेतले होते आणि कांद्याचे पैसे हातात आल्यावर गाडी बोलावली.

झोप येत नाहीये. फाइल उघडून बसले आहे. साउंडिंग ७: वरचा थर दीड मीटर, ४५ ओहम-मीटर (थर विजेला किती अडवतो त्याचं माप). मधला थर ६ मीटर, १८ ओहम-मीटर. खाली १६०. मापं आणि आलेख यांच्यातली चूक अडीच टक्के. इतकी कमी चूक आली तेव्हा मी खूश झाले होते.

१० फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आलेख बघितला, बराच वेळ गप्प राहिले आणि एवढंच विचारलं, "तिथे जवळ विहीर आहे?"

आहे. बोअरपासून शंभर पावलांवर.

"उतरलीस का कधी?"

नाही उतरले. डिसेंबरात बावीस साउंडिंगं संपवायची होती. उसना आणलेला रेझिस्टिव्हिटी मीटर परत द्यायची तारीख ठरली होती. विहिरीत बघण्यासारखं काय असणार, असंही मनात होतं. तीन वर्षं बी.एस्सी.ला हातोडा घेऊन फिरल्यावर आता यंत्राने जमिनीच्या आत बघायचं होतं मला.

१४ फेब्रुवारी, सासवड

पहाटेची एसटी. दिवे घाट चढताना मी नेहमी डावीकडची खिडकी धरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशात या घाटाच्या नावाचंच एक फॉर्मेशन, म्हणजे खडकांच्या थरांचा गट, आहे, दिवेघाट, आणि त्याच्यावर पुरंदरगड. आपण ज्या घाटातून आषाढी वारीची पालखी जाताना बघतो तो दक्खनच्या लाव्ह्याच्या थप्पीतला एक थर म्हणून जगभरच्या अभ्यासकांना माहीत असतो, याचं मला पहिल्या वर्षापासून अप्रूप आहे. आज मात्र खिडकीतून बघताना एकच चाललं होतं डोक्यात, तात्यांना तोंड कसं दाखवायचं.

ते बांधावरच उभे होते. "आलीस? चहा घे आधी." काकूंनी चहाबरोबर अंजिरं दिली. बोअरच्या तोंडावर दगड ठेवला होता. बाजूला भुकटीचा ढीग तसाच: तळाशी थोडी विटकरी, वर सगळी काळी-करडी. मी चिमूटभर लाल भुकटी घेऊन ओली केली, बोटांमध्ये चोळली. साबणासारखी लागली. तिथेच पोटात गोळा आला, कारण तो बोल होता, म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली लाल चिकणमाती, गेरू.

मग विहीर. तात्यांनी आबांना बोलावून घेतलं होतं. ही विहीर बहात्तरच्या दुष्काळानंतर खणली तेव्हा आबा त्यात पहार चालवायला होते. यारीवरून गाळ कसा काढला, सुरुंग कुठे लावले, सगळं त्यांना पाठ आहे. वय झालंय, पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून ते काठावर उकिडवे बसले आणि मी खाली उतरले. वरून ते नावं सांगत होते आणि मी टेप धरून मोजत होते.

"वर मुरूम. त्याच्याखाली मांजऱ्या. दिसला का? ठिपक्याठिपक्यांचा." दिसला. बदामासारख्या पोकळ्या, त्यात पांढरी खनिजं भरलेली, मधूनमधून हिरवट लेप. आम्ही त्याला अमिग्डलॉइडल बेसाल्ट म्हणतो आणि परीक्षेत त्याची जाड व्याख्या लिहितो. आबांचा शब्द एका दमात सांगून जातो की दगड कसा दिसतो. या मांजऱ्याला वरच्या अंगाला भेगा होत्या आणि एका भेगेतून अजूनही पाण्याची ओल झिरपत होती.

"आता खाली ये. गेरूची पट्टी लागंल."

लागली. चार फूट, विटेच्या रंगाची, मऊ, नखाने ओरखडा उठेल अशी. आणि तिच्याखाली एकसंध काळा पाषाण, विहिरीच्या तळापर्यंत. आबा म्हणाले, "गेरू लागला की आम्ही म्हणायचो, आता पाणी वरचंच. गेरू पाणी धरून बसतो, देत न्हाई. आन् त्याच्याखाली तर नुसता घणाचा मार."

पाच परसांची विहीर. आबांच्या हिशेबात एक परस म्हणजे साडेपाच-सहा फूट. माझ्या टेपवर तळ २९ फुटांवर आला.

निघायच्या आधी एक काम केलं. चार लहान खिळे दहा-दहा सेंटीमीटरवर भिंतीत ठोकून मांजऱ्यावर आणि गेरूवर वेगवेगळी मापं घेतली. यंत्र दोराने खाली सोडावं लागलं. तात्यांनी दोर धरला होता. ओल्या मांजऱ्याला ३० च्या आसपास, गेरूला ७. काळ्या पाषाणात खिळे शिरेनात.

१६ फेब्रुवारी

काल दिवसभर हिशेब करत होते, आज तो शांतपणे लिहून ठेवते. हे मला पुस्तकात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं, आणि तरीही मला ते कळलेलं नव्हतं.

पद्धत अशी. जमिनीत चार सळया. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांत दाब मोजायचा. कॉनराड श्लंबर्जे याने १९१२ साली नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून जे सुरू केलं त्याचंच हे पुढचं रूप. बाहेरच्या सळया जशा लांब नेऊ तशी वीज खोल जाते. उन्हाने माती वाळलेली असली तर सळईभोवती मिठाचं पाणी ओतायचं. तारेच्या कुंपणाला समांतर रेघ टाकायची नाही. मिळालेली मापं दुहेरी लॉग कागदावर मांडली की एक वळण दिसतं. माझं वळण मध्ये खाली बसलेलं होतं, एच प्रकारचं: वर जास्त, मध्ये कमी, खाली खूप जास्त. मधला खळगा म्हणजे विजेला वाट देणारा थर. बेसाल्टच्या मुलखात तो बहुतेकदा पाणी धरलेला, कुजलेला खडक असतो. म्हणून मी "बरं दिसतंय" म्हणाले.

आता विहिरीची मापं. मांजऱ्या ४.८ मीटर, ३० ओहम-मीटर. ४.८ भागिले ३० म्हणजे ०.१६. गेरू १.२ मीटर, ७ ओहम-मीटर. भागाकार ०.१७. बेरीज ०.३३.

आणि माझा डिसेंबरचा एकच थर: ६ भागिले १८. तोही ०.३३.

पेन खाली ठेवून मी खिडकीत जाऊन उभी राहिले. यंत्र खोटं बोललं नव्हतं. मधल्या थरात विजेला वाट किती मिळाली, तेवढं एकच ते मोजतं, म्हणजे जाडी भागिले रोध. तो भागाकार तोच ठेवून ४ मीटर आणि १२ ओहम-मीटर लिहिलं तरी जवळपास हेच वळण निघतं. १० मीटर आणि ३० लिहिलं तरी. दोन वेगळे थर एकात मिसळले तरी वळणाला पत्ता लागत नाही. पुस्तकात याला समतुल्यतेचं तत्त्व म्हणतात. अडीच टक्के चूक म्हणजे माझा आलेख मापांशी जुळला एवढंच, जमिनीशी जुळला की नाही ते त्यात कुठेच नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे आणि जास्त टोचते. चिकणमातीही वीज नेते, पाणी भरलेला खडकही नेतो. १८ या आकड्यात निम्म्याहून थोडा जास्त वाटा गेरूचा होता, जो थेंब सोडत नाही. आणि उरलेला वाटा ज्या मांजऱ्याचा, तिथे खरोखर थोडं पाणी आहे, विहिरीत तेच येतं. पण बोअरवाल्यांनी भोक ढासळू नये म्हणून तीस फुटांपर्यंत केसिंग घातलं. म्हणजे होतं तेवढं पाणी पाइपाबाहेर राहिलं आणि गाडी १९० फूट एकसंध पाषाणात फिरत बसली. वरचं पाणी विहिरीचं होतं, बोअरचं नव्हतंच. एवढं वाक्य मी तेव्हा बोलू शकले असते, जर उतरले असते तर.

२० फेब्रुवारी

गेरूबद्दल वाचते आहे. आता त्याचा पिच्छा सुटत नाही.

एक लाव्हा येऊन थंड झाला, पुढचा यायला वेळ लागला. त्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजला, कुठे वाऱ्याने राख आणून टाकली, माती झाली, मग वरून नवा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. भट्टीतल्या विटेसारखीच. म्हणजे तात्यांच्या विहिरीतली ती चार फूट पट्टी म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. आणि गंमत नव्हे, खरंच आश्चर्य हे की दक्खनच्या लाव्ह्याचं नेमकं वय काढायला याच पट्ट्या उपयोगी पडल्या. बेसाल्टमध्ये झिरकॉन हे खनिज सहसा सापडत नाही. पण काही बोलांमध्ये राखेबरोबर आलेले झिरकॉनचे बारीक कण असतात, त्यातल्या युरेनियम आणि शिशावरून काळ मोजता येतो. ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. डायनोसॉर संपले त्या काळाशी या उद्रेकांचं नातं काय, हा वाद अशा लाल पट्ट्यांच्या आधारे लढला जातो आहे.

तात्यांना हे सांगावंसं वाटतं. आणि त्यांच्या बुडालेल्या पैशांसमोर ते सांगायची लाजही वाटते.

२४ फेब्रुवारी

विभागात कोयनेवर सेमिनार. गेट परीक्षेचा आमचा पेपर एकच असतो, जिऑलॉजी अँड जिओफिजिक्स, पण आत गेलं की दोन वाटा फुटतात, एक निवडावी लागते. मी दुसरी निवडली. दगड हातात घेणं मागे सुटलं असं तेव्हा मनाने धरलं होतं.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा. दोन्हीकडे पुढे काय केलं, तर भोक पाडलं. किल्लारीला ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर, मग ग्रॅनाइट-नाइस. कोयनेजवळ रासाटीला बेसाल्ट ९३३ मीटर आणि त्याच्याखाली गाळ नाहीच, थेट ग्रॅनाइट-नाइस. पुढे गोठण्याला तर तीन किलोमीटरपर्यंत गेले. गुरुत्वाची, विजेची, लहरींची मापं वरून कितीही घेतली तरी शेवटी खालचा दगड वर काढून बघावाच लागला. मी वहीत लिहिलं: आबा = रासाटी. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने विचारलं, हे काय? म्हटलं, नंतर सांगते.

२ मार्च

चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. 'भूजलास अनुकूल' असा निळा रंग नकाशावर होता, तो काढला. प्रत्येक साउंडिंगपुढे एका जाडीऐवजी आता दोन लिहिते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. सातव्यापुढे ४ ते १० मीटर. तक्ता विस्कटलेला दिसतो. परीक्षकांना आवडेल की नाही कोण जाणे. सर म्हणाले, राहू दे.

बावीसपैकी चौदा ठिकाणी दोनशे मीटरच्या आत विहीर आहे, हे टोपोशीटवरून आणि तात्यांना फोनवर विचारून काढलं. त्या चौदाही विहिरींत उतरायचं आणि प्रत्येकीच्या काठाशी एक साउंडिंग नव्याने घ्यायचं. यंत्र पुन्हा आठ दिवसांसाठी मिळालंय.

तात्यांना सगळा हिशेब सांगितला, फोनवरच. केसिंगचं, गेरूचं, माझं चुकलं ते. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी बोअरच्या जागी विहीर पडली असती तर लागलं असतं व्हय?" मी म्हणाले, "थोडं लागलं असतं बहुतेक, जेवढं तुमच्या विहिरीला आहे तेवढंच. खात्री देत नाही, तात्या." पलीकडे जरा वेळ शांतता. "बरं. कधी येतीस? आबा विचारत व्हते, त्येंना खालच्या आळीतल्या दोन जुन्या विहिरी दाखवायच्यात तुला."

सोमवारी पहाटेची एसटी. मिठाच्या दोन पिशव्या, लांब दोर आणि चार खिळे बॅगेत भरून ठेवलेत.