थांबायला शिकतेय

मंगळवार, रात्री उशिरा

झोपता झोपता लेक म्हणाली, "आई, मला उत्तर येत होतं गं. पण मी मनात वाक्य लावेपर्यंत बाई दुसऱ्याकडे वळल्या." एवढं बोलून ती कूस बदलून झोपली. मी अजून जागीच आहे.

दुसरीपासून तिच्या प्रगतिपुस्तकात तोच शेरा असतो, 'अभ्यासात चांगली, वर्गात बोलत नाही.' आता ती चौथीत आहे. आणि इतकी वर्षं मी तिला एकच सांगत आले, "बोल ना, घाबरतेस कशाला?" तिला भीती वाटते हे खरंच आहे, पण तिला वेळही पुरत नाही, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंबद्दल पूर्वी वाचलं होतं, ते आज आठवलं. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. तोच वेळ ३ सेकंद किंवा अधिक केला तेव्हा उत्तरं लांबली, प्रश्न अनुत्तरित राहणं कमी झालं आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. एवढ्याशा वेळाने!

मग मी स्वतःकडे पाहिलं. कुणी तिला "कितवीत गं तू?" विचारलं की तिच्या आधी मीच सांगून टाकते. वर तिच्यासमोरच म्हणते, "लाजाळू आहे हो ती." ती ऐकत असते. हे वाक्य मी आजपासून बंद करणार आहे.

शुक्रवार

बाईंना भेटून आले. तक्रार करायची नव्हती, मदत हवी होती. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मधल्या सुट्टीत मैत्रिणींशी बोलते, हे तुम्हाला माहीत आहे ना?" ते ऐकून फार हायसं वाटलं. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ तोंडच उघडत नसेल, तर तो सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतो. ती चिंतेशी निगडित अडचण आहे, तिथे तज्ज्ञांकडे जायलाच हवं. आमचं तसं नाही.

एवढ्या मुलांत प्रत्येकासाठी थांबणं किती कठीण, हे मलाही कळतं. तरी बाईंनीच वाट काढली. आधी शेजारच्या मुलीला उत्तर सांगायचं, मग वर्गाला. आणि उद्या विचारायचा एक प्रश्न तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचा. मी एकच विनंती केली, ती बोललीच तर सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेऊ नका. इतक्या नजरा एकदम वळल्या तर ती पुन्हा मिटून जाईल.

घरी मी 'मोठ्याने बोल' म्हणणं सोडलंय. ती धडा वाचते तेव्हा मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. आवाज आपसूक चढतो.

पुढचा गुरुवार

मधले दिवस काहीच घडलं नाही. सोमवारी हात अर्धा वर गेला आणि खाली आला, असं तिनेच सांगितलं. विचारायची घाई होत होती, पण जीभ आवरली.

आज दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "मी सांगितलं आज." मी गप्प राहिले. "पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही. बाई म्हणाल्या, परत सांग. मग मी परत सांगितलं."

"आणि?"

"अर्धं चुकलं. पानातून बाष्प बाहेर पडतं हे बरोबर होतं, पण त्याचं नाव मी प्रकाशसंश्लेषण सांगितलं. शेजारचीने बाष्पोत्सर्जन सांगितलं."

स्वर जराही पडला नव्हता. मग पुस्तक उघडून तिने मला पानावरच्या छिद्रांचं चित्र दाखवलं आणि बराच वेळ समजावत बसली.