गच्चीवरचं सोलर आणि न लावलेली पवनचक्की

खरं सांगायचं तर मला सोलर नकोच होतं. मला पवनचक्की हवी होती. गच्चीवर काचा मांडून बसण्यात कसली मजा, पातं गरगर फिरताना दिसलं पाहिजे! शिवाय वारा रात्रीही वाहतो, हा माझा हुकमी एक्का घरात कुणालाच कापता येत नव्हता. दोन मीटर व्यासाची, एक किलोवॅटची छोटी चक्की मी पसंत करून ठेवली होती. पैसे भरायच्या आदल्या रात्री तिचं माहितीपत्रक पुन्हा चाळलं, तेव्हा तळाशी बारीक अक्षरात सापडलं: एक किलोवॅट, वाऱ्याचा वेग सेकंदाला 12 मीटर असताना.

म्हणजे ताशी 43 किलोमीटर. अशा वाऱ्यात छत्री धरवत नाही.

मग कागद-पेन घेऊन बसलो. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. 12 ऐवजी 4 मीटरचा वारा, म्हणजे वेग तिसरा हिस्सा आणि वीज सत्ताविसावा. एक किलोवॅटची चक्की 37 वॅट देणार. आमच्या छताच्या पंख्यालासुद्धा ती पुरली नसती. चक्की कितीही चांगली असली तरी वाऱ्यातली 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा तिला काढता येत नाही, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय, आणि घरगुती चक्क्या त्या हद्दीच्या जवळपासही पोचत नाहीत.

तरी मन मानेना. एक वेगमापक आणला, गच्चीवर सहा मीटरच्या खांबावर चढवला आणि वर्षभर नोंदी ठेवल्या. सरासरी आली सेकंदाला 2.8 मीटर. बहुतेक छोट्या चक्क्या 3 च्या आसपास वीज द्यायला सुरुवात करतात. आमच्याकडे वारा नाही असं नव्हे, पण झाडं आणि इमारती यांच्यामधून येताना तो भोवऱ्यासारखा फिरत येतो, आणि चक्कीला सरळ वाहता वारा लागतो. दीडशे मीटरच्या टापूत जे काही सर्वांत उंच असेल त्याच्याही वर किमान नऊ मीटर पातं हवं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. तेवढा मनोरा उभारायचा तर चक्कीपेक्षा मनोराच महाग पडतो. इमारतीलाच चक्की ठोकली तर तिची थरथर स्लॅबमधून थेट झोपायच्या खोलीत उतरते. मध्ये एकाने उभ्या पात्यांची, 'खास शहरासाठी' बनवलेली चक्की सुचवली. दिसायला सुरेख होती, पण पातं उभं केलं म्हणून वारा वाढत नाही.

एक मात्र मान्य करतो, मोकळ्या माळावर किंवा किनाऱ्यालगत घर असतं तर हा लेख वेगळा झाला असता. 1887 साली जेम्स ब्लाइथ या स्कॉटिश प्राध्यापकाने सुटीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभारून बॅटऱ्या भरल्या आणि त्यावर घरातले दिवे लावले. उरलेली वीज त्याने गावाला देऊ केली, तर ही सैतानाची करणी म्हणून लोकांनी ती नाकारली, असं सांगतात. माझ्या घरच्यांची भूमिका त्यापेक्षा बरीच सौम्य होती. 'आता सोलरचं बघ,' एवढंच म्हणाले.

सोलरचं बघायच्या आधी बारा महिन्यांची बिलं काढून युनिटं जोडली: 3,012. मग सॉकेटमध्ये लावायचं एक छोटं मीटर घेऊन घरभर फिरलो. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद असतानाही 12 वॅट खात होता, म्हणजे वर्षाला 105 युनिटं. जुन्या फ्रिजचा आकडा तर सांगण्यासारखाच नाही. सोलर लावायच्या आधी फ्रिज बदलला, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत लवकर वसूल झालेला खर्च तोच.

तीन कोटेशनं मागवली. सगळ्यांत स्वस्त असलेल्यात वीजप्रवाहाच्या उसळीपासून वाचवणारं उपकरण नव्हतं, आर्थिंग 'ग्राहकाकडून' होतं आणि स्ट्रक्चरची, म्हणजे पॅनेलखालच्या लोखंडी सांगाड्याची, उंची लिहिलेलीच नव्हती. हे सगळं धरल्यावर ते मधल्या कोटेशनच्या वर गेलं. आपण विचारतो पॅनेलचा भाव, पण माझ्या बिलात पॅनेल जेमतेम एक तृतीयांश होते. बाकी इन्व्हर्टर (लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीवाला नव्हे, पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा), लोखंड, तारा, मजुरी आणि कागद. 440 वॅटचे सात पॅनेल बसवले. एकेक दोन चौरस मीटरचा आणि वीस किलोच्या वरचा. जिन्यावरून दोघं फिटर ते चढवत होते तेव्हा मी खाली दिशा दाखवण्याचं काम केलं.

मग आला कागदांचा टप्पा: अर्ज, आराखडा, तपासणी, मीटर बदलणं. पॅनेल पाच आठवडे कडक उन्हात नुसते तापत पडले होते, कारण मंजुरीशिवाय चालू करता येत नाहीत. त्या काळात रोज दुपारी वर जाऊन मी त्यांच्याकडे बघून यायचो. त्याने काही होत नाही.

चालू झाल्यावर पहिली चपराक बसली ती दुपारी बारा वाजता. लख्ख ऊन, वर तीन किलोवॅटचं सोलर, आणि लाइट गेले तर घरातही अंधार! फिटरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ग्रिड, म्हणजे बाहेरून येणारी वीज, गेलं की इन्व्हर्टर बंद होणारच. नाहीतर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला तुमच्या विजेचा झटका बसेल." बरोबर होतं त्याचं. पण कोटेशन देताना हे एकानेही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट थंडीत उघडकीला आली. सकाळी नऊला मोबाइलवर 1.6 किलोवॅट दिसायचं आणि साडेनऊला अचानक 1.2. ढग नाही, काही नाही. वर गेलो तर जिन्याच्या खोलीची सावली दोन पॅनेलांच्या खालच्या कडेवर हातभर चढलेली. पाहणी झाली होती ती उन्हाळ्यातल्या भर दुपारी, तेव्हा सावली पायाशी होती. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कडेवर पडलेली पट्टीभर सावली त्या पट्टीपुरती राहत नाही. आतल्या डायोडमुळे, म्हणजे प्रवाहाला आडवाट देणाऱ्या भागामुळे, प्रवाह अडत नाही, पण सावलीतल्या सोलर सेलच्या ओळीबरोबर उन्हातल्या ओळीही वगळल्या जातात. शेवटी ते दोन पॅनेल उचलून दुसऱ्या टोकाला नेले. आधाराची नवी पट्टी, जास्तीची केबल, पुन्हा मजुरी. कुणी गच्चीची पाहणी करायला आलं, तर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सकाळी नऊला सावली कुठे पडते ते त्याला विचारा. सांगता आलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

कडक उन्हात जास्त वीज मिळते हाही माझा गैरसमज निघाला. पॅनेलवर छापलेले वॅट हे पॅनेल 25 अंशांवर असतानाचे. दुपारी तोच पॅनेल 65 अंशांवर जातो, आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे चौदा टक्के गेले. आमचा विक्रमी दिवस पाऊस पडून गेल्यानंतरचा, स्वच्छ आणि गार वाऱ्याचा होता. असा वाऱ्याचा उपयोग झाला एकदाचा.

पहिल्या वर्षी 3,870 युनिटं तयार झाली. खप त्याहून कमी, म्हणून सगळं फिटलं असं वाटेल. पण त्यातली निम्मीही आम्ही ज्या वेळी तयार झाली त्या वेळी वापरली नाहीत, ती ग्रिडला गेली. दिलेल्या युनिटाचा दर घेतलेल्या युनिटापेक्षा कमी असेल, तर वसुलीची वर्षं वाढतात. म्हणून कपड्यांचं यंत्र, गिझर आणि पंप आता दुपारी चालतात. सुरुवातीला यावर घरात बरीच कुरकुर झाली.

बॅटरीचा हिशोब मी असा केला. 5 युनिटांची लिथियम बॅटरी, त्यातली वापरण्यासारखी 4, आयुष्य 4,000 वेळा भरण्याचं, म्हणजे एकूण 16,000 युनिटं. बॅटरीच्या किमतीला 16,000 ने भागलं की एक युनिट साठवायला किती पडतं ते कळतं. ते मीटरच्या दराच्या शेजारी ठेवलं आणि मोठ्या बॅटरीचा विचार सोडला. फ्रिज, दिवे आणि इंटरनेट चालेल एवढी छोटी घेतली. पैसे वाचवायला नव्हे, दुपारचा तो अंधार पुन्हा नको म्हणून. पॅनेल पंचवीस वर्षं चालतील, दरवर्षी अर्धा टक्का मंदावत. इन्व्हर्टर मात्र दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागणार, म्हणून त्याचे पैसे आतापासून वेगळे काढतोय.

वेगमापक अजून खांबावरच आहे, उतरवायचं राहून गेलंय. परवा रात्री वादळ आलं तेव्हा उठून आकडा पाहिला: 14. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिला तर 2. ती चक्की असती, तर त्या अर्ध्या तासात फार तर अर्धं युनिट मिळालं असतं.