फॉर्ममधला एक रकाना

नागपूर अधिवेशनाचे वेध लागले की बाळंतिणींचा विषय कुठूनतरी निघतोच, आणि निघाला की देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आठवतात. डिसेंबर २०२२ मध्ये त्या जेमतेम अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन विधानभवनात आल्या. बोभाटा झाला आणि लगेच हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजण्यासाठीची खोली, मिळाला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात तसाच कक्ष होता, पण आत धूळ. त्या पत्रकारांसमोर रडवेल्या झाल्या.

मला यातली दुसरी बातमी जास्त महत्त्वाची वाटते. खोली एका आदेशावर मिळते. रोज सकाळी ती कुणी झाडायची, हे त्या आदेशात नसतं. बाळंतिणीच्या मानसिक आरोग्याबद्दल सभागृहात होणाऱ्या भाषणांचंही असंच होतं. कोण विचारणार, कितव्या दिवशी, कुठल्या कागदावर, हे कुणी बोलत नाही.

कागद तर तयार आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा भेटी देतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. फॉर्मवर बाळाचं वजन, ताप, आई दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, किती पॅड बदलते, स्तनाग्रांना चिरा आहेत का, सगळं आहे. मनाबद्दल म्हणावा असा एकच प्रश्न: आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का? त्यात प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार सापडू शकतो, एक्लॅम्प्सियाही (रक्तदाब वाढून येणारे झटके). पण जी बाई मुकाट्याने बाळाला पाजते, भाकऱ्या थापते आणि रात्री बाळ झोपल्यावरही टक्क जागी असते, तिच्या नावापुढे ‘नाही’ अशी खूण होते आणि पान उलटतं. तीव्र मनोविकार हजार बाळंतपणांत एक-दोन. नैराश्य मात्र भारतातल्या ३८ अभ्यासांच्या २०१७ च्या एकत्रित आढाव्यात २२ टक्के निघालं, म्हणजे साधारण पाचात एक.

चाळणीसाठी, म्हणजे कुणाला नैराश्य असू शकतं हे ओळखण्यासाठी, एडिनबरा प्रश्नावली आहे, १९८७ ची. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३०. रक्त काढायचं नाही, यंत्र नाही, दहा मिनिटांत होते. तरी ती बिघडते, आणि ठरलेल्या जागीच बिघडते. प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दल आहेत, हे दर प्रश्नाला सांगावं लागतं. नाहीतर बाई गरोदरपणापासूनचं सांगत बसते. १, २ आणि ४ या प्रश्नांत पहिल्या पर्यायाला शून्य, बाकी सातांत पहिल्यालाच तीन. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की बेरीज उलटीपालटी होते. आणि सासूबाई दारात उभ्या असतील तर उत्तरं त्यांचीच येतात. “आमच्या सुनेला कसलं टेन्शन?” बाळाचं वजन करायला त्यांनाच बोलवावं, सोबतच्या ताईने तेवढ्यात आईशी बोलून घ्यावं. एकटीच आशा असेल तर हे जमत नाही, म्हणून एखादी भेट तरी दोघींनी मिळून करायला हवी.

दिवसही चुकतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तेव्हा चाळणी लावली तर निम्मा वॉर्ड यादीत येईल आणि वैद्यकीय अधिकारी यादीच बाजूला ठेवतील. बेचाळिसावा दिवस बरा. पण आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी असते आणि सव्वा महिना झाला की अनेकजणी सासरी निघतात. बरोब्बर त्याच आठवड्यात ती एका आशाच्या वहीतून निघते आणि दुसरीच्या वहीत अजून चढलेली नसते. म्हणून मी चौदाव्या दिवशी एक साधी विचारपूस, बेचाळिसाव्याला पूर्ण प्रश्नावली आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीत पुन्हा एकदा, अशी मांडणी धरते. गुण माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावेत. ते कार्ड तिच्यासोबत गावोगाव जातं.

दहा ते बारा गुण आले तर दोन आठवड्यांनी परत. तेरा किंवा वर असतील तर डॉक्टर. दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याचा विचार, त्यात शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज बघायचीच नाही; त्याच दिवशी हालचाल, बाईला एकटं सोडायचं नाही. हातात निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ असावा, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं, थकवा तिथूनही येतो. आणि गोळी सुरू म्हणजे अंगावरचं बंद, हे डोक्यातून काढावं. सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध दुधात फार थोडं उतरतं. पाजणाऱ्या आईला डॉक्टर ते देतात.

सगळ्याच जणींना गोळी लागत नाही. शेजारच्या गोव्यात प्रशिक्षण घेतलेल्या साध्यासुध्या बायकांनी घरी जाऊन ६ ते १४ भेटींत समुपदेशन केलं, त्याची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला मिळेल तेव्हा मिळेल, या बायका आजही गावात आहेत.

दाखल करावं लागलंच तर कायदा आईच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम २१: तीन वर्षांखालचं मूल आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. धोका असल्यास तात्पुरतं करता येतं, पण दर १५ दिवसांनी फेरविचार आणि सलग ३० दिवसांपुढे मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई-बाळाचा असा कक्ष २००९ पासून आहे. आपल्याकडच्या मनोरुग्णालयांत आईशेजारी पाळण्याची जागा किती खाटांना आहे, हा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, कुणीतरी टाकायला हवा.

कारण आमदाराच्या हातात हेच असतं. अशासकीय विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाचा, भरवसा धरू नये. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व रजेचं विधेयक मांडलं, ते तिथेच राहिलं, आणि संसदेत १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेलं नाही. लक्षवेधी सूचनेच्या उत्तरात ‘शासन सकारात्मक आहे’ एवढंच पदरात पडतं. त्यापेक्षा पुरवणी मागण्यांवर, म्हणजे सरकारच्या वाढीव खर्चाच्या मागण्यांवर, बोलताना आकडा मागावा. घरभेटींचा पूर्ण संच केला की आशाला २५० रुपये मिळतात. त्याच पैशांत दहा प्रश्न वाढवले तर फॉर्म ओट्यावर बसून भरले जातील, सगळ्यांचे गुण चार नाहीतर पाच येतील आणि जिल्ह्याच्या बैठकीत शंभर टक्के चाळणी झाल्याचा तक्ता दाखवला जाईल. रकान्याची मागणी करताना त्या रकान्याचे वेगळे पैसे त्याच वाक्यात मागावेत.